राहून गेलेला कावळा

पाखरं काढायला मला कुणी शिकवलं नाही. फौजेत उंचावरच्या चौकीवर पहारा असायचा. हलायचं नाही, नुसतं बघायचं. दुश्मन क्वचित दिसायचा, पाखरं मात्र रोज. पहारा सुटला की रेशनच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर कोळशानं ती काढायचो. निवृत्त होऊन पळसदरीला आलो, रंग आणले आणि धरणाकाठी बसायला लागलो. चौक गावच्या एका ढाब्यात माझा खंड्या अजून भिंतीवर आहे, फोडणीच्या धुरानं काळवंडलेला.

चित्र झालं की बायकोपुढे धरायचं आणि तिनं खोड काढायची, हा आमच्या घरचा रिवाज. "शेपूट वाकडी हाय," म्हणायची. आणि वर, "अवो, सगळी पाखरं झाली. कावळ्यानं काय घोडं मारलंय तुमचं? रोज माज्या हातचा भात खातो, त्याला काढा की!"

"काढू गं, घाई हाय का?" असं म्हणून मी टाळायचो. खरं कारण तिला कधी सांगितलं नाही. आमचा एक जवान उतारावर पडला होता, गोळीबारात त्याला आणता येत नव्हतं. त्याच्यावर उतरलेले कावळे मी दुर्बिणीतून पाहिले होते.

ती गेली. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. झाडावर बसलेले, पण एक खाली येईल तर शपथ! ऊन चढलं. मेहुणा म्हणाला, "दाजी, ताईचा जीव कशात तरी अडकलाय. बोला काहीतरी." कशात ते मला ठाऊक होतं. सगळ्यांसमोर हात जोडले, म्हटलं, "काढतो गं तुझा कावळा." तरी येईना. मग डोक्यात प्रकाश पडला. अख्खी भावकी टक लावून बघतेय, कुठलं पाखरू येईल? मी परेडच्या आवाजात ओरडलो, "पीछे मुड!" भटजीसकट सगळे गर्रकन वळले. मीही वळलो. जन्म पाखरं बघण्यात गेला, आणि नेमकं तेव्हा बघायचं नव्हतं. फार जड गेलं. मागं पंख वाजले. वळून पाहिलं तर पिंड फुटला होता.

आता सकाळी कठड्यावर मीच भात ठेवतो. कधी करपतो, पण कावळा येतो. त्याला रोज बघून बघून दुर्बिणीतले ते कावळे जरा मागे सरले. परवा चित्र पुरं झालं. तिच्या फोटोपुढे धरलं आणि म्हटलं, "घे. काढ आता खोड." बराच वेळ तसाच धरून उभा राहिलो. दहाव्याला रडलो नव्हतो, परवा मात्र रडलो.