पांढरी वडी का तपकिरी?

मंडळी, मी बोलतीय आन नात लिवतीय. चुका सगळ्या तिच्या.

आज वरकुट्यावरनं बारामतीला गेले, समया उजळणाऱ्या पॉलिशवाल्याकडं. पदरात ह्यांचा तंबाखू ओढायचा लाकडी पाईप, कारखान्यातल्या इंजिनेरनं दिलेला. हे जाऊन चार वर्षं झाली, पाईप पार काळवंडला.

पॉलिशवाल्यानं चाकाला लावायच्या, साबणासारख्या दोन पॉलिशच्या वड्या पुढं ठेवल्या. "आजी, तपकिरी वडी काळं खरवडून काढती, पांढरी नुसती चमक देती. सगळ्याला तपकिरीच लावू. नवाकोरा करून देतो."

"नवा करून कुणाच्या तोंडात देऊ, लेका?"

तो हसला. मशीनवर कापडाचं चाक गरगरायला लागलं. त्या घूंघूं आवाजात माझे डोळे मिटले. हे ओट्यावर बसलेत, पाईप पेटवायचं सोडून अंगठ्यानं चोळत बसलेत, असं दिसलं.

"आजी, हितं एका बाजूला आधीच चकाकतंय की. कुठली वडी लावली हुती?"

मी दचकले. "थांब! ती वडी बाजारात मिळत न्हाय. त्यो ह्यांचा अंगठा हाय."

मग त्यानं तपकिरी वडी फक्त जळक्या काठाला लावली, बाकीला पांढरी. अंगठ्याच्या जागेला फडकंसुद्धा लावलं न्हाय.

येताना एसटीत त्या जागेवर माझा अंगठा ठेवून बसले. जन्मभर कागदावर सही ह्यांची आन अंगठा माझा. हितं मात्र अंगठा त्यांचा.

तुमच्या घरात हाय का अशी एखादी जागा, जिला पॉलिश करायचं न्हाय?