मंदावल्यावर झाकण उघडावे

लाँड्रीत तिला सगळे टीचर म्हणत. कधीकाळी दोन वर्षं तिने एका शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. शाळा बंद पडली, ती लाँड्रीच्या काउंटरवर येऊन बसली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. तिलाही ते आवडायचं. हॉस्पिटलच्या चादरी आणि हॉटेलांचे टॉवेल यांच्या गठ्ठ्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, फोन घ्यायचे, एवढंच तिचं काम; पण इंग्रजी कागद आला की मालक स्वतः उठून तिच्याकडे येत, आणि तेव्हा तिची मान जरा ताठ होई.

मागच्या शेडमध्ये तिची धाकटी नणंद कामाला होती. तिला ही नोकरी टीचरनेच लावून दिली होती. दोघी सकाळी एकत्र निघत, एकाच डब्यात जेवत. नणंद बोलकी, हाताने चलाख. शेडमधल्या मिस्त्रींचंही तिच्यावाचून पान हलत नसे.

त्या वर्षी मालकांनी परदेशातून एक जुनं मशीन आणलं. ओल्या चादरी गरगर फिरवून त्यातलं पाणी काढणारं, माणसाच्या छातीएवढं उंच, आत सगळीकडे भोकं असलेलं पोलादी पिंप. बायकांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव पिळणी ठेवलं. फिरत असताना झाकण उघडू न देणारं कुलूप मोडलेलं होतं. मिस्त्री म्हणाले, बघू पुढे.

मशीनबरोबर इंग्रजी पुस्तक आलं. त्यातलं कामापुरतं आपल्या भाषेत लिहून द्या, भिंतीवर लावू, असं मालकांनी टीचरला सांगितलं. तिने ते मन लावून केलं. एका पानावर मात्र तिची गाडी अडली. मशीन बंद करण्याबद्दलचं पान होतं आणि त्यात वेग कमी होण्याचे शब्दच शब्द होते. स्लो डाऊन, डिसिलरेट, कोस्ट, रन डाऊन, कम टू रेस्ट. तिने वहीत आपले शब्द मांडले: मंदावणे, वेग उतरणे, ओसरणे, रेंगाळणे, विसावणे. एका थांबण्यासाठी या लोकांना इतके शब्द कशाला लागतात, असं तिला वाटलं. कोस्ट हा शब्द डिक्शनरीत पाहिला तर समोर किनारा. मशीनचा आणि किनाऱ्याचा काय संबंध? खालचे बारीक अक्षरातले अर्थ तिने वाचले नाहीत. कुणाला विचारावं, तर टीचरनेच विचारायचं म्हणजे शोभा. तिने त्या शब्दाभोवतीची तीन वाक्यं गाळली आणि लिहिलं: बटण बंद केल्यावर मशीन मंदावते. मंदावल्यावर झाकण उघडावे.

कागद प्लास्टिकमध्ये बसवून पिळणीच्या वर लागला. बायका त्याप्रमाणे काम करू लागल्या. आवाज उतरला की झाकण उघडायचं, चादरी ओढायच्या. पहिल्या आठवड्यात एकीची बांगडी फुटली, दुसऱ्या आठवड्यात एकीच्या बाहीची चिंधी झाली. दोन्ही वेळा सगळे हसले.

एका सोमवारी पिळणीचा पट्टा बदलायला मेकॅनिक आला. काम झाल्यावर काउंटरवर चहा पिता पिता तो सहज म्हणाला, "बटण बंद केलं म्हणजे ती थांबली असं समजू नका. करंट गेला तरी आधीच्या जोरावर ती चार मिनिटं फिरत राहते, कोस्ट होते. आणि मधल्या एका वेगाला, ट्यूबलाइटखाली, आतली भोकं जागच्या जागी थांबल्यासारखी दिसतात. हात जातो तो तिथेच."

तो गेल्यावर टीचरने पुस्तक काढलं. गाळलेल्या तीन वाक्यांत हेच होतं, अगदी ट्यूबलाइटसकट.

तेव्हाच उठून तो कागद फाडायला हवा होता. ती उठली नाही. मालक काय म्हणतील, शेडमधल्या बायका काय म्हणतील, या विचाराने तिने पुस्तक परत खणात ठेवलं. शनिवारी शेड धुवायला बंद असते, तेव्हा गुपचूप नवा कागद लावू, असं तिने ठरवलं. त्या संध्याकाळी घरी भाजी निवडताना तिने नणंदेला इतकंच सांगितलं, की पिळणी जरा थांबून उघडत जा.

नणंद हसली. "वहिनी, तुझ्याच कागदाप्रमाणे उघडते मी."

टीचरने भाजीची पुढची जुडी हातात घेतली. मंगळवारी शेडमधून जरा मोठा आवाज आला तरी ती काम टाकून शेडच्या दाराशी जाऊन येई. बुधवारी तिला जेवण गेलं नाही.

गुरुवारी दुपारी शेडमध्ये एकदम शांतता झाली. कुणी ओरडलं नाही, म्हणूनच तिला कळलं. ती धावत गेली तेव्हा नणंद खाली बसली होती आणि ओली चादर तिच्या उजव्या हाताभोवती दोरासारखी पिळली गेली होती. पिंप अजून फिरत होतं, हळूहळू, आवाज न करता.

दोन बोटं गेली आणि मनगट कायमचं वाकडं झालं.

मिस्त्रींनी मालकांना सांगितलं, की पोरीने घाई केली. अपघाताच्या नोंदीत तेच लिहिलं जाणार होतं. टीचर पुस्तक घेऊन मालकांच्या खोलीत गेली आणि ती तीन वाक्यं वाचून दाखवली. चूक माझी आहे, म्हणाली. हे इंग्रजी इथे दुसऱ्या कुणाला येत नाही, तुम्ही बोलला नाहीत तर कुणाला कळणार नाही, असं मालकांनी हळू आवाजात सांगितलं. तिने पुस्तक छातीशी धरलं आणि तशीच हॉस्पिटलमध्ये गेली.

नणंदेने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुला कधी कळलं?"

"सोमवारी."

"भाजी निवडताना तुला माहीत होतं?"

"हो."

नणंदेने भिंतीकडे तोंड फिरवलं.

पुढे तीन महिने एका घरात राहून ती वहिनीशी कामापुरतंच बोलली. भिंतीवर नवा कागद लागला, झाकणाला कुलूप आलं. टीचरच्या हट्टापायी मालकांनी नणंदेला इस्त्रीच्या कपड्यांवर देखरेखीचं काम दिलं. मग एका रविवारी नणंदच पुस्तक घेऊन तिच्यासमोर येऊन बसली.

"पहिल्या पानापासून वाच," ती म्हणाली. "एकही शब्द सोडायचा नाही. येत नसेल तर येत नाही म्हण."

टीचर वाचत गेली. सात ठिकाणी येत नाही म्हणाली, सात ठिकाणी दोघींनी मिळून डिक्शनरीतलं बारीक अक्षर वाचलं. अकराव्या पानावर तिचा आवाज अडखळला. थांबता थांबता पिंप डुलू लागलं, तर तळाचे बोल्ट ताबडतोब तपासावेत, तोवर मशीन चालवू नये, नाहीतर पिंप उखडून बाहेर फेकलं जाऊ शकतं, असं तिथे लिहिलं होतं. हेही तिने तेव्हा, रोजच्या कामापुरतं नाही म्हणून, गाळलं होतं.

"परवापासून डुलतंय ते," नणंद म्हणाली.

सोमवारी दोघी तासभर आधी निघाल्या. शेडचं कुलूप अजून उघडायचं होतं, पण आतून मशीनचा आवाज येत होता. मिस्त्री मागच्या दाराने लवकर येऊन, आतून कडी लावून कामाला लागले होते. नणंदेने डाव्या हाताने दारावर थापा मारत, पिळणीपासून लांब व्हा, असं मिस्त्रींना ओरडून सांगायला सुरुवात केली, आणि टीचर मेन स्विच बाहेरच्या भिंतीवर कुठे आहे ते शोधत धावली.