बिननावाची फुलं

अन्याय झाला तो भडगावातल्या एका हारवाल्यावर. संक्रांतीनंतरच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी सव्वाअकरा वाजता, भर गल्लीत. त्यांना चापट मारण्यात आली, त्यांचं स्टीलचं ताट गटारीत फेकण्यात आलं, आणि बघणाऱ्यांपैकी एकानंही 'थांबा' म्हटलं नाही. मी चळवळीची पत्रकं लिहिते. त्यामुळे सवय अशी की आधी कोणावर अन्याय झाला ते सांगायचं, मग केव्हा, मग कोणी केला. पहिल्या दोन गोष्टी सांगून झाल्या. 'कोणी' हे सांगायला मला थोडी जागा लागेल. त्यात दोन माणसं आहेत, आणि दुसरी मी आहे.

त्यांना सगळे नाना म्हणायचे. खरं नाव लिहू का, असं मी विचारलं होतं. म्हणाले, "मन्हं नाव कशाले? फुलं का मी धाडात?"

नानांची टपरी बसस्टँडसमोर होती. देवाचे हार, नवरदेवाचे, नव्या ट्रॅक्टरचे, पुढाऱ्यांचे आणि तिरडीचे. मग पुण्याहून, सुरतेहून, कुठून कुठून फोन यायला लागले: आईचा वाढदिवस आहे, वडिलांना पंचाहत्तर लागलं, बुके पोचवाल का? नानांनी मोबाइलवर बघून बघून बुके बांधायला शिकून घेतलं. जर्बेरा नाशिकहून यायचा, गुलाब आणि निशिगंध जवळचेच. चकचकीत कागद गुंडाळताना मात्र तोंड कडू करायचे. "फूलले रेनकोट," म्हणायचे.

तुमच्यापैकी कोणी भडगावात राहिलेलं असेल, तर त्यांचं बुके पोचवणं पाहिलं असेल. स्कूटरच्या पायाशी तेलाचा कापलेला डबा, डब्यात पाणी, पाण्यात बुके उभा. गल्लीच्या तोंडाशी स्कूटर लावायची. बुके ताटात ठेवायचा. ताट दोन्ही हातांनी नेऊन घराच्या ओट्यावर ठेवायचं. मग तीन पावलं मागे यायचं आणि ओरडायचं, शेवटच्या घरापर्यंत पोचेल एवढं: "फुलं मन्हा नहीत बरं! पुनाथून पोऱ्यानी धाडेल शेतस! मी निस्ता हमाल!"

त्यांच्या टपरीला लागून झेरॉक्सचं दुकान. माझी पत्रकं तिथेच छापली जायची. मशीन गरम होऊन बंद पडलं की मी नानांच्या बाकड्यावर बसून प्रश्न विचारायची. ओरडता कशाला? घंटी वाजवून देऊन का येत नाही?

त्यांनी पहिल्या बुकेची गोष्ट सांगितली. एका म्हातारीच्या दारात ते फुलं घेऊन मुकाट उभे राहिले. म्हातारीचा मुलगा सुरतेला. तिनं फुलं बघितली, चौकट धरली आणि खाली बसली. "कोन गयं?" एवढंच विचारलं. सण नाही, लग्न नाही, मंगळवारच्या दुपारी दारात फुलं येतात ती एकाच कारणानं, हे तिला माहीत होतं. वाढदिवस आहे हे पटवायला नानांना तिच्या मुलाला फोन लावून द्यावा लागला. तेव्हापासून ठरलं, आधी बातमी पोचली पाहिजे, मग फुलं.

दुसरं कारण त्यांनी सुई ओवता ओवता सांगितलं. "मी बाप्या मानूस. बाईना हातमा फुलं देस. गल्लीले डोया शेतस, कान नहीत. म्हनीसन वरडनं पडस."

मला हे मागासलेलं वाटलं. तसं मी तोंडावर म्हटलंही. नाना हसले.

पण मी त्यांच्यामागे लागून दोन-तीनदा स्कूटरवर गेले, बघायला. मला जाणून घ्यायचं होतं की आमच्याकडची माणसं बुकेचं करतात काय. एका निवृत्त आबांच्या घरी गेलो. नानांनी ओरडून सांगितलं, नाशिकहून मुलीनं पाठवली आहेत. आबा बाहेर आले, फुलं बघितली आणि वळून आत गेले. मला वाटलं रागावले. पाच मिनिटांनी कडक धुतलेली टोपी घालून, सदऱ्याची बटणं लावत परत आले. मागून आजी सतरंजी घेऊन आल्या. शेजारच्या दोघांना हाक मारली गेली. पुष्पगुच्छ म्हणजे सत्कार. आबांनी आयुष्यभर दुसऱ्यांचेच पाहिलेले. ते खुर्चीवर ताठ बसले आणि नानांना म्हणाले, "भाषन कोन करी?"

मी हसू दाबत होते. नानांनी ताट खाली ठेवलं, घसा साफ केला आणि बोलले. आबांनी तीन मुलींना शिकवलं, एकीलाही कमी केलं नाही, त्यातल्या धाकटीनं आज आठवण ठेवली, एवढं बोलून त्यांनी बुके आबांच्या हातात दिला. चार माणसांनी टाळ्या वाजवल्या. आबा डोळे पुसत बसले आणि माझं हसू कुठे गेलं कळलं नाही.

आणखी एका घरी आईनं बुके सोडला. कागद घडी करून गादीखाली, रिबीन नातीच्या वेणीला, आणि फुलं गल्लीतल्या बायकांना वाटून टाकली. दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला, बुके मिळाल्याचा फोटो पाठवा. नाना परत गेले. अकरा बायकांना ओट्यावर ओळीनं उभं केलं. सगळ्यांच्या केसांत फुलं. एकीच्या वाट्याला जर्बेरा आला होता, तिनं तो कानामागे खोचला होता आणि ती सगळ्यात खूश होती. नानांनी फोटो पाठवला आणि मुलाला सांगितलं, "हाऊच बुके शे. आते निस्ता उभा शे."

पाठवणाऱ्याचं नाव ते झेरॉक्सच्या दुकानात छापून घ्यायचे. अक्षर लहान आलं की परत पाठवायचे. "मोठं कर. चष्माबिगर वाचता येवाले पाहिजे." नाव नसेल तर ऑर्डरच घ्यायचे नाहीत. पोरं यायची, लाजत म्हणायची, नाव नको नाना, तिला कळेल. नानांचं एकच उत्तर: "बिन नावनं फूल देवले चालस. मानूसले नाव लागस."

आता माझ्याकडे येते.

आमची मागणी साधी आहे. आठवडी बाजारात बायकांसाठी मुतारी पाहिजे. पहाटे पाटी घेऊन बसलेली बाई संध्याकाळपर्यंत घोटभर पाणी पीत नाही. का पीत नाही, ते तिला विचारा. मी अर्ज लिहिला आणि सह्यांसाठी बाजारभर फिरले. कोणी म्हणे घरी विचारते, कोणी म्हणे आधी दुसऱ्या कोणाची घे. भरताची वांगी विकणाऱ्या एका वहिनींनी हात पुसले आणि पेन मागितलं. नवरा सुरतेला कामाला, घरात सासू आणि दीर. "बारीक लिहू का मोठं?" त्यांनी विचारलं. मोठं, मी म्हटलं. त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, नवऱ्याच्या नावासकट आणि आडनावासकट, एवढं मोठं की दोन ओळी गेल्या. त्यांच्यामागून आणखी दहा जणींनी लिहिलं.

मला त्यांना फुलं पाठवावीशी वाटली. आणि नाव न टाकता पाठवावीशी वाटली. पत्रकाखाली आम्ही एकाचं नाव टाकत नाही, 'आम्ही सर्व' असं टाकतो, ती सवय. शिवाय मोबाइलवरच्या व्हिडिओत पाहिलं होतं, कोणी पाठवलं ते कळत नाही आणि बाई दिवसभर हसत राहते.

"खाले कोनं नाव?" नानांनी विचारलं.

"नाव नको. नुसती फुलं."

"नई जमाव."

"नाना, काम मोठं, नाव नाही. हे जुने विचार सोडा आता."

"मी जुनाच शे, बेटा."

मी वाद घातला. वाद घालायला मी शिकलेली आहे, नाना नव्हते. अर्ध्या तासात मी त्यांना बोलून बोलून दमवलं, आणि वर वचन घेतलं की मी पाठवली हे कोणालाही, काहीही झालं तरी, सांगायचं नाही. त्यांनी सुई थांबवून चष्म्यावरून बघितलं. "एक डाव इचार करी ले."

"केला," मी म्हटलं. केला नव्हता.

फुलं पोचली त्या दिवशी मी धुळ्याला सभेला होते. पुढचं मला वहिनींनी आणि गल्लीतल्या दोघींनी सांगितलं. हळदीकुंकवाचे दिवस, बायका ये-जा करत होत्या. नानांनी ताट वहिनींच्या ओट्यावर ठेवलं. तीन पावलं मागे गेले. "फुलं मन्हा नहीत बरं!" असं ओरडले आणि थांबले. पुढचं वाक्य त्यांच्याकडे नव्हतं.

दीर बाहेर आला. "मंग कोना शेतस?"

"माले माहीत शे. सांगाव नई."

"बाई ना बाप्या?"

तेवढं सांगितलं असतं तरी सुटले असते. पण वचनात तेही बसत होतं, असं नानांनी धरलं. "चांगला मानूसनी धाडेल शेतस," एवढंच म्हणाले. त्यावर चापट बसली. चष्मा पडला. ताट गटारीत गेलं. इतकी वर्षं ज्या गल्लीला त्यांनी ओरडून ओरडून कोणी काय पाठवलं ते सांगितलं होतं, ती गल्ली गप्प उभी होती.

मी संध्याकाळी परतले, बातमी ऐकली आणि तशीच त्या घरी गेले. ओट्यावर उभी राहून सांगितलं, फुलं मी पाठवली. दीर माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असेल. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मंग नाव काबर नई टाकं?"

मी ओट्यावरून खाली उतरले.

"अर्जवर लोकेस्न्या बायकास्ना नावं पाहिजेत," तो म्हणाला, "आन सोताना टाइमले नाव लपाडस?"

चापट मारणारा माणूस तो. मी त्याला माफ केलेलं नाही, आणि त्यानं अजून नानांची माफी मागितलेली नाही. पण त्याचं ते वाक्य मला कुठल्याच पत्रकात खोडता आलेलं नाही. त्यानं वहिनींना अर्जावरचं नाव काढायला सांगितलं. दोन बाजार त्यांना घराबाहेर पडू दिलं नाही. तिसऱ्या बाजारी त्या पाटी घेऊन आल्या. मी जवळ गेले तर वांग्यांवर पाणी शिंपडत म्हणाल्या, "नाव खोडू नको. ऱ्हाऊ दे."

नानांकडे मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. ते झेंडू ओवत होते. गालावर काही दिसत नव्हतं. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधली होती. मी म्हटलं, चुकले.

"चापट लागनी नई," म्हणाले. "वरडता उनं नई, ते लागनं."

त्यानंतर त्यांनी बुके घेतला नाही. फोन आला की "आते नई जमत" म्हणायचे. लोकांना वाटलं भ्याले. मला तसं वाटत नाही. दारात उभं राहून जे वाक्य ते म्हणायचे, त्यावर गल्लीचा विश्वास होता, आणि तो विश्वास मी मोडून टाकला होता. पावसाळ्यापूर्वी ते शिंदखेड्याला मुलीकडे राहायला गेले. टपरीत आता मोबाइलची कव्हरं टांगलेली आहेत. बुके अजूनही येतात. कुरिअरवाला येतो, पायरीवर ठेवतो, फोटो काढतो, जातो. आत कोणी चौकट धरून बसलं का, हे बघायला तो थांबत नाही.

गेल्या महिन्यात मी शिंदखेड्याला गेले. भडगावहून निघतानाच झेंडू आणि निशिगंध घेतले, चकचकीत कागद नको म्हटलं. त्या संध्याकाळी मी गटारीतून काढलेलं ते ताट माझ्याकडेच होतं, एका बाजूनं चेपलेलं. नानांच्या मुलीच्या ओट्यावर ते ठेवलं. तीन पावलं मागे आले. शेजारच्या बायका दळण निवडत होत्या, त्यांनी माना वर केल्या. सभेत माझा आवाज मैदानभर जातो. तिथे पहिल्यांदा तो ओट्यापर्यंतही गेला नाही. दुसऱ्यांदा निघाला.

"फुलं माझी आहेत!" मी ओरडले आणि माझं पूर्ण नाव सांगितलं. वडिलांचं, आडनाव, गाव, सगळं.

नाना दारात आले. चष्मा नवा होता. "कोपरावरली अक्काले आयकू नई उनं," म्हणाले. मी पुन्हा ओरडले. मग ते आत गेले. परत आले तेव्हा डोक्यावर टोपी होती. खुर्ची ओढून ताठ बसले, ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"भाषन कोन करी?"

मी ताटातली फुलं त्यांच्या हातात दिली, भाषण राहिलं.

ते भाषण इथे करते, आणि ते तुमच्यासाठी आहे. अर्ज भडगावला झेरॉक्सच्या दुकानात आहे. पहिलं नाव दोन ओळींचं, त्याखाली दहा, त्याखाली आता माझं. पुढे कागद कोरा आहे. पेन दोरीनं बांधलेलं आहे. 'आम्ही सर्व' चालणार नाही. या आणि नाव लिहा. पूर्ण लिहा, चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं मोठं.