तोंडावरचा हात
जाळावर शेकलेल्या हलगीचा वास आला की मला अहमदपुरातली ती सकाळ आठवते. मी जन्माची बहिरी, पण हलगीचा ठेका मला छातीत कळतो. मी वाजवायला पुढं झाले, तसा हलगी मंडळाचा मास्तर मला ओठ वाचता येऊ नयेत म्हणून तोंडावर हात धरून काहीतरी बोलला. सगळे खदाखदा हसले. बहिणीनं नंतर खुणांनी सांगितलं, "बहिरीला हलगी कशाला, ताट द्या बडवायला, म्हणला." मंडळाच्या भिंतीवर चित्र रंगवायचं काम माझ्याकडंच होतं. मी सगळे वाजवणारे काढले आणि मधोमध मास्तर काढला, तोंडावर हात धरलेला. आता त्याच भिंतीपुढं माझ्याकडं शिकणारी बहिरी पोरं हलगी वाजवतात. मास्तर दरवर्षी येतो, ओठ मोठे करून म्हणतो, "बाई, तेवढा हात पूस की." मला शब्द न् शब्द कळतो. मी कानाकडं बोट दाखवते, ऐकू येत न्हाई.