रेणापूरचं विमान आणि कूलरचा पंखा

मावसभावाचा, म्हणजे दत्तादादाचा, फोन आला. "रविवारी ये. त्या दिवशी विमान बांधापर्यंत पळालं न्हाई तर तुझी वहिनी इंजिन औषधाच्या फवाऱ्याला लावणार हाय." असं आमंत्रण कोण सोडतं? नांदेडहून सकाळची एसटी धरली. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा उतरून चहा घेतला आणि सुशीला, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचे पोहे, खाल्ली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे वर भजीही परवडली. लातूरहून रेणापूरला वडापची जीप मिळते. खिडकीची जागा मात्र मागू नका, हसतात.

दादा कूलर बनवतो. शेतात पत्र्याखाली त्याचं विमान उभं होतं: पाइपांचा सांगाडा, ताडपत्रीचे पंख, पुढे खुर्ची आणि खुर्चीमागे जुन्या स्कूटरचं टू-स्ट्रोक इंजिन. सुरुवातीची अल्ट्रालाइट विमानं अशीच असायची म्हणे, हलकं इंजिन, लाकडी पंखा आणि चालवणारा उघड्यावर. परवानगी नसल्यामुळे उडवायचं नव्हतं, नुसतं पळवायचं. पण आज पळालं तर उद्या हा माणूस वर जाणार, या धास्तीनं वहिनीची झोप उडाली होती. चहा देताना तिनं मला हळूच सांगितलं.

नारळ फुटला, इंजिन धूर ओकत सुरू झालं आणि विमान हललं. मागे. थेट कडब्याच्या गंजीत.

मी हसून हसून खालीच बसले. सुताराकडून पंखा घडवून घेताना दादानं पात्यांना कूलरचा पीळ दिला होता, वारा बसलेल्या माणसाकडे. विमान पुढे जायचं तर वारा मागे जायला हवा. जन्मभर गिऱ्हाइकाच्या तोंडावर वारा सोडणारा माणूस दुसरं काय करणार? नवा पंखा लगेच होणार नव्हता आणि वहिनी पाना घेऊन उभी होती. दादाचा चेहरा इतका पडला की मलाच वाईट वाटलं.

वहिनीनं एकदा पंख्याकडे पाहिलं, एकदा दादाकडे. मग म्हणाली, "खुर्ची फिरवा. तोंड इंजिनाकडं करून बसा."

खुर्ची फिरली. चाकाला दोरी बांधून दादानं ती कासऱ्यासारखी हातात धरली. या खेपेला विमान बांधापर्यंत पळालं, दादाच्या तोंडावर भसाभस वारा सोडत. तो उतरला तो नाचतच. मग एकदम थांबला.

"पंख उलटे झाले की. आता हे कधीच उडायचं न्हाई."

"उडायला पंखाची जाड कड पुढं लागते, रोज जेवताना तेच ऐकून राहिले मी," वहिनी पाना पिशवीत टाकत म्हणाली. "म्हणूनच फिरवा म्हणलं."

नांदेडला परतल्यापासून जो तो विचारतो, उडालं का? मी नाही म्हणते आणि मनात वहिनीला हात जोडते. तिनं विमानही वाचवलं आणि नवराही.