मंडलदादांशी आमचं व्यापारयुद्ध

तलावाच्या तळाशी गाळ साचतो, तसे आमच्या मच्छीमार सोसायटीत किस्से साचतात. गाळ काढायला निदान सरकारी योजना तरी आहे! आणि यातले बहुतेक किस्से माझ्यामुळे साचलेत, हे गावातलं कुणीही तुम्हाला सांगेल. वर चहा पाजून सांगेल.

सिंदेवाही तालुक्यातलं गाव, ढिवराचं घर, नागपूरची अर्थशास्त्रातली एम.ए. आणि सोसायटीचं सचिवपद, ही माझी सगळी इस्टेट. अध्यक्ष श्रावणभाऊ माझे सख्खे मामा. सरकारी पत्रं समजून सांगायला कुणीतरी हवं म्हणून त्यांनी मला सचिव केलं. मी झाले ते गाव बदलायला. दोघांनीही एकमेकांना हे आधी सांगितलं नाही.

आमचा धंदा असा. पावसाळ्यात मुलचेऱ्याकडच्या बंगाली गावातून मंडलदादा पिकअप घेऊन येतात. ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत बोटुकली असते, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं. ती उधार. आम्ही ती तलावात सोडतो, वाढवतो, आणि उन्हाळ्यात तेच दादा मोठे मासे उचलतात नि त्यातून उधारी कापून घेतात. बीज त्यांचं, बाजार त्यांचा, भावही त्यांचाच.

मला हे बघून झोप येईना.

*

पहिल्याच मीटिंगमध्ये मी फळा मागवला. एका बाजूला कर्ज देणारा देश काढला, दुसऱ्या बाजूला कर्ज घेणारा. "हा त्याच्याकडून उधार घेतो, त्याच पैशात त्याचाच माल आणतो, आणि वर्षानुवर्षं त्याच्या तालावर नाचतो. मंडलदादा हा सावकार देश. आपण हा दुसरा!"

सगळे गंभीर झाले. मामांनी हात वर केला. "पोरी, यातला मोठा देश कोणता?"

"मोठा दुसराच. पण कर्जात बुडालेला."

"म्हणजे आपून मोठे?"

"हो, पण..."

पुढचं कुणी ऐकलंच नाही. टाळ्या पडल्या! सिंधूबाई आमच्या सोसायटीतल्या सगळ्यात जुन्या सभासद. त्या शेजारणीला म्हणाल्या, "पाह्य, मी तुले म्हणलं नोतं, आपला तलाव त्याच्यापेक्षा मोठा हाय म्हणून!"

*

मग मी आयात शुल्क लावलं. गावाच्या वेशीवर दोरी बांधली आणि ठरवलं, बाहेरून येणाऱ्या बीजाच्या प्रत्येक पिशवीवर सोसायटीचा कर. दादांची पिकअप आली. मी दोरीपाशी स्वतः उभी!

दादा खाली उतरले, हात जोडले. "बहुत अच्छा किया दीदी. लेकिन अभी छुट्टा नहीं है. गर्मी में मछली के टाइम दे दूँगा."

करच उधार! मी हरखून गेले. आयुष्यात पहिल्यांदा आमचं काहीतरी त्यांच्याकडे येणं होतं. आम्ही सावकार झालो होतो!

तेव्हापासून माझा जीव टांगणीला. मुलचेऱ्याकडे वीज पडली असं ऐकलं, की मी फोन करायची. मलेरियाची साथ आली, की फोन. "दादा, तब्येत कशी आहे? मच्छरदाणी लावता ना?"

एक दिवस मामा उसळलेच. "मले इतका ताप आला, तू कधी साधं विचारलं नाई. अन् त्या मंडलाले रोज विचारून राह्यली! काऊन?"

मी म्हटलं, "मामा, तुमच्याकडे आपलं काही येणं नाही ना."

*

यानंतर स्वावलंबन. बीज आपलं आपण तयार करायचं! मी ट्रेनिंग घेऊन आले आणि गावामागची छोटी बोडी, म्हणजे लहानसं तळं, त्यासाठी निवडली. बीज सोडण्याआधी बोडीत मोहाची ढेप, म्हणजे पेंड, टाकतात. त्यानं आधीचे शिकारी मासे मरतात आणि नंतर तिचंच खत होतं. सिंधूबाई टोपलं भरून ढेप घेऊन आल्या.

मी आडवी पडले. "विष? आपल्या पाण्यात? माझ्या जिवंतपणी नाही!" निसर्गावर मी असं बोलले, की सिंधूबाई टोपलं तिथंच ठेवून निघून गेल्या.

नाजूक जिरं सोडलं, म्हणजे जिऱ्याएवढी पिल्लं. दिवसरात्र राखण केली. कोंडा घातला, नावं तेवढी ठेवायची राहिली. महिन्याभरानं जाळं ओढलं तर रोहू नाही, कतला नाही. जाळ्यात चार पुष्ट मरळी! माझं अख्खं स्वावलंबन खाऊन टम्म झालेल्या.

वाईट याचं वाटलं, की मरळीला भाव चांगला असतो. त्या घ्यायला कोण आलं असेल? मंडलदादा. एक मरळ हातात तोलून म्हणाले, "दीदी, हर साल बनाओ."

*

बीज जमलं नाही, तर बाजार बदलू. आपण थेट माजरीला जाऊ, कोळसा खाणीच्या वसाहतीत. पगारी माणसं, मधे दलाल नाही! बर्फाच्या पेट्या टेम्पोत घातल्या आणि मी नि सिंधूबाई निघालो.

रस्त्याकडेला दुकान मांडलं. तासाभरात कोळशाच्या धुळीनं कतला काळाठिक्कर. एक गिऱ्हाईक वाकून म्हणालं, "ये कौन सी मछली है?"

मी माफी मागायला तोंड उघडणार, तेवढ्यात सिंधूबाई कडाडल्या, "खाणीचा कतला हाय, साहेब! इथीच भेटते!" दोन किलो घेऊन गेला.

तरी दुपारपर्यंत निम्मा माल पडूनच होता. शेवटी एक तरुण व्यापारी आला, घासाघीस न करता सगळाच माल उचलला, वर आम्हाला समोसे खाऊ घातले. मी भारावले. "बघा सिंधूबाई, मुक्त बाजार! मंडल नाही, कुणी नाही!"

त्यानं तिथल्या तिथं फोन लावला. "हाँ बाबा, सिंदेवाही साइड का माल है, एकदम ताजा. नहीं नहीं, पैसा दे दिया. दीदी लोग समोसा खा रही हैं."

मंडलदादांचे जावई!

*

आता मात्र मी निर्वाणीचा बाण काढला. यंदा पावसाच्या तोंडावर, सगळ्यांसमोर, स्पीकर लावून दादांना फोन केला. "भाव वाढवून द्या. तोवर जुनी उधारी फेडणार नाही!"

पलीकडून, "ठीक है दीदी. तो बीज भी नहीं." फोन बंद.

हे काय झालं ते सगळ्यांना कळत होतं. तलावात बीज पडलं नाही तर पुढच्या उन्हाळ्यात मासा नाही. आणि तलाव रिकामा दिसला, की त्याची लीज सोसायटीकडून काढून घ्यायला एक बाहेरचा ठेकेदार टपून बसला होता. त्याच आठवड्यात तो पांढऱ्या शर्टात तलावाच्या पाळीवर, बांधावर, उभा राहून पाणी बघून गेला. सिंधूबाई म्हणाल्या, "आता हा आपल्यालेच आपल्या तलावावर मजुरीले बोलावन."

मी धीर दिला. "घाबरायचं नाही! आपण एकमेकांत इतके गुंतलोय, की आपण बुडालो तर दादाही बुडतात."

"त्याले बुडायले किती येळ लागन?" मामा.

"एक सीझन."

"अन् आपल्याले?"

"तेवढाच."

"मंग कोण बुडलं ते पाहायले वरती कोण राहीन?"

*

तलाव भरला. बीज सोडायची वेळ टळायला आली. आणि एक दिवस सिंधूबाई सहज बोलून गेल्या, "रेणूबाईच्या पोराचं लगन हाय." रेणूबाई म्हणजे मंडलदादांची बायको. युद्ध पेटलेलं असताना या दोघी रोज फोनवर बोलत होत्या!

त्यांच्यात हळदीच्या दिवशी वराकडून नवरीच्या घरी मोठा रोहू पाठवतात. त्याला नवरीसारखं साडी नेसवून, नथ घालून, सजवून. पण दादांच्या तळ्यांत सगळी बोटाएवढी पिल्लं. मोठा रोहू दरवेळी आमच्याकडूनच जायचा.

मी उडीच मारली. "हाच आपला हुकमाचा पत्ता! दादा स्वतः येत नाहीत तोवर मासा नाही!"

"पोराच्या हळदीचा मासा अडवू म्हणतं?" सिंधूबाई.

"व्यापारात भावना नसतात, बाई!"

दुसऱ्या दिवशी पहाटे मामांनी जाळं टाकलं आणि तलावातला म्हातारा रोहू काढला. ओल्या पोत्यात गुंडाळून भाड्याच्या व्हॅनमध्ये ठेवला. मामा नि सिंधूबाईंच्या मागोमाग मीही चढले. यांनी फुकट देऊन टाकू नये म्हणून!

चामोर्शीला चहाला थांबलो. टपरीवर मंडलदादा बसले होते. मागे त्यांची पिकअप, ओल्या ताडपत्रीखाली बीजाच्या फुगलेल्या पिशव्या.

मामा म्हणाले, "कुठी चालले दादा?"

"बस, ऐसे ही. गडचिरोली, दवाखाना. आप लोग?"

"आमी बी असंच. मार्कंड्याले, दर्शनाले." व्हॅनच्या दारातून रोहूची शेपटी बाहेर आलेली.

मी मामांच्या कानात म्हटलं, "जो आधी बोलेल तो हरला!" आयुष्यात पहिल्यांदा माझं धोरण सगळ्यांनी पाळलं. एक चहा झाला. दुसरा झाला. दादांचा ड्रायव्हर मधूनच जाऊन पिशव्या हलवून यायचा, पिशव्यांतली हवा संपत आली होती. सिंधूबाई टपरीवरचा जग घेऊन पोत्यावर पाणी मारायच्या. टपरीवाला म्हणाला, "कोनाची वाट पाहून राह्यले का जी?" कुणीच बोललं नाही. तिसरा चहा आला.

मी बाकावरूनच वाकून ताडपत्रीखाली पाहिलं. पिल्लं वर येऊन तोंडं उघडत होती.

"अहो दादा, पोरं मरतील ना!"

"दीदी हार गई!" असं म्हणत दादा माझ्याआधी पिकअपपाशी पोचले होते. त्यांनी मामांना ड्रायव्हरशेजारी कोंबलं आणि गाडी आमच्या गावाकडे पिटाळली. मग पोत्याकडे वळले. सिंधूबाईंनी पोतं उघडलं. दादांनी रोहूच्या पाठीवरून हात फिरवला.

"पण भाव?" मी विचारलं.

"तुही ओढणी दे," सिंधूबाई म्हणाल्या. "माश्या बसून राह्यल्या."

व्हॅन मुलचेऱ्याकडे निघाली. पुढे दादा. मागे सिंधूबाई, मधे माझ्या लाल ओढणीत रोहू, त्याचं डोकं माझ्या मांडीवर. घोटच्या पुढे गाडी पंक्चर झाली, तेव्हा मी वर्तमानपत्रानं त्याला वारा घालत बसले. गाडी पुन्हा निघते तोच मामांचा फोन आला, "सोडले पाण्यात! पळाले बी!"

पुढे जंगलाच्या नाक्यावर गार्डनं गाडी थांबवली. खिडकीतून वाकला. ओढणी बघितली, ओढणीतलं तोंड बघितलं.

"हे कोण हाय?"

"दुल्हन है, साहब," दादा म्हणाले. "कल हल्दी है."

गार्डनं मान डोलावली. मग त्याची नजर माझ्याकडे वळली. विस्कटलेले केस, कुर्त्यावर खवले, हातात वर्तमानपत्र.

"अन् ह्या?"

मी 'सचिव' म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात सिंधूबाई रोहूच्या डोक्यावरची ओढणी सारखी करत म्हणाल्या, "पाठराखीन."