वैशाखऱ्याची आई आणि सरकारी अंदाज

मी मुरबाड भागातल्या एका कॉलेजात शिकवतो. वैशाखरे गावातली एक बाई मला एकदाच दिसली, बी.एस्सी.चा वर्ग बंद करण्यासाठी बोलावलेल्या पालकांच्या सभेत. पुढच्या वर्षी या भागातून विज्ञानाला पुरेशी मुलं येणार नाहीत, असा सरकारचा अंदाज होता आणि शिक्षण खात्याचे एक अधिकारी तो वाचून दाखवत होते.

वैशाखऱ्याहून आलेली ती बाई भिंतीपाशी उभी होती. खुर्ची दिली तरी बसली नाही. शेजारी उभ्या असलेल्या मुलीचं मनगट तिनं घट्ट धरलं होतं, कोणी ओढून नेईल अशा भीतीनं धरतात तसं.

"साहेब, ही माझी पोर बारावी सायन्स पास झालीय. ही तुमच्या अंदाजात हाय का नाय?"

अधिकारी हसले. "ताई, अंदाज एकेका मुलीचा नसतो."

"मंग आमच्या गावात कोणाला इचारलात? आमी तर कोणाला आलेला बघितला नाय."

अधिकाऱ्यांनी हातातल्या कागदाचं पुढचं पान उलटलं. मुलीला पुढे घालून ती निघून गेली.

वर्ग बंद झाला. ज्यांना जमलं त्यांनी मुलं कल्याणला पाठवली. त्या मुलीला घरीच बसावं लागलं, असं तिच्या गावच्या एका विद्यार्थिनीनं सांगितलं.

वर्षभरानं तेच अधिकारी पुन्हा आले. "बघा, इथून विज्ञानाला मुलं गेलीच नाहीत. आमचा अंदाज बरोबर निघाला!"

माझं डोकं भडकलं. "वर्गाला कुलूप तुम्हीच लावलंत ना?" मी ओरडलो.

त्यांनी शांतपणे चहाचा घोट घेतला. ती बाई समोर असती, तर तो घोट त्यांच्या घशाखाली उतरला नसता.